एक बाप्तिस्मा, अनेक मंडळ्या

उपदेशकांच्या अभ्यासासाठी. वाचन: करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १, ओव्या १० ते १७, आणि अध्याय ३, ओव्या १ ते ९.

गावोगाव सेवा करणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंस एका प्रश्नास वारंवार तोंड द्यावे लागते. घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती असते. मुलाचा बाप्तिस्मा तान्हेपणी, आईच्या मांडीवर असताना, गावच्या प्रार्थनामंदिरात झालेला असतो. पुढे तो मुलगा पुण्यामुंबईकडे कामास जातो, तेथे दुसऱ्या एखाद्या मंडळीच्या सभांस बसू लागतो, आणि नाताळास घरी येतो तो हे ऐकून येतो की, तुझा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, पाण्यात बुडून तो नव्याने घेतला पाहिजे. आजी रडते, बाप रागावतो, आणि दोघेही उपदेशकाकडे येऊन विचारतात, आमच्या लेकराच्या डोक्यावर तेव्हा जे पाणी घातले ते काय होते?

या प्रश्नाची दोन उत्तरे फार सोपी आहेत. पहिले असे की, सर्व मंडळ्या सारख्याच, कोणी कसाही बाप्तिस्मा घ्यावा, देव एकच आहे. दुसरे असे की, आमचीच मंडळी खरी, बाकीच्या चुकलेल्या, त्यांच्याकडे पाहूही नये. पहिले उत्तर ऐकून आजीचे समाधान होत नाही, कारण तिचा प्रश्नच त्यात बाजूस राहतो. दुसरे ऐकून बापास बरे वाटते, पण घर फुटते. जुन्या अँग्लिकन वळणाच्या ख्रिस्ती माणसास ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटत आली आहेत. ती त्याला अपुरी का वाटतात, आणि त्याचे स्वतःचे पाऊल कोठे अडखळले, हे या पाठात पाहावयाचे आहे. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या मंडळीपासून निघालेली, बिशप व प्रार्थनापुस्तक ही दोन्ही राखणारी परंपरा. नाशिक-शरणपूरचे चर्च मिशनरी सोसायटीचे लोक आणि नगरकडील एस्. पी. जी. चे लोक तिच्यातलेच. आम्हीही त्याच वळणात वाढलो, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

प्रथम करिंथच्या मंडळीकडे पाहू. तेथे कोणी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा म्हणवीत असे. चौथा गट आपणास ख्रिस्ताचा म्हणवी. आमचे पुष्कळ वाचक या चौथ्या गटास निर्दोष समजून पुढे जातात. परंतु पौलाने त्यालाही त्याच ओळीत बसविले आहे, हे लक्षात घ्यावे. आम्ही कोणत्याही मंडळीचे नव्हे, आम्ही केवळ ख्रिस्ताचे, असे म्हणणाऱ्यांचीही एक मंडळीच बनते. तिचाही पुढारी असतो, तिच्याही उपासनेची एक ठराविक रीत पडते, आणि थोड्याच वर्षांत तिच्याही दाराशी आतला कोण व बाहेरचा कोण हे विचारले जाते. मतभेदातून बाहेर पडण्यासाठी नवीन मंडळी काढणे हा उपाय पुष्कळांनी करून पाहिला. त्याने मंडळ्यांची संख्या तेवढी वाढली.

पौलाचा दुसरा मुद्दा बाप्तिस्म्याविषयी आहे. आपण करिंथात फार थोड्यांस बाप्तिस्मा दिला, यात त्याला समाधान वाटते, कारण मग कोणी आपणास पौलाच्या नावाचा म्हणणार नाही. बाप्तिस्मा ज्याने दिला त्याचा होत नाही, ज्याच्या नावाने दिला त्याचा होतो. अँग्लिकन विचाराची एक मोठी तुळई या शब्दावर टेकलेली आहे. तिच्याकडे आम्ही शेवटी पुन्हा वळू.

आता चारशे वर्षांहून जुनी एक गोष्ट. इंग्लंडात राणी एलिझाबेथ राज्य करीत असता, १५८५ साली, रिचर्ड हूकर नावाच्या पाळकाची लंडनमधील टेंपल चर्चमध्ये मुख्य जागी नेमणूक झाली. हे कायदेपंडितांचे प्रार्थनामंदिर. त्याच ठिकाणी दुपारचा उपदेश वॉल्टर ट्रॅव्हर्स करीत असे. ट्रॅव्हर्स हा कॅल्व्हिनच्या जिनीव्हा नगरातील पद्धत शुद्ध मानणारा. त्याला दीक्षाही बिशपाच्या हातून मिळाली नव्हती, ती अँटवर्प येथे पाळकांच्या मंडळाने दिली होती. मग काय, सकाळी हूकरने सांगावे आणि दुपारी त्याच व्यासपीठावरून ट्रॅव्हर्सने ते खोडून काढावे, असा क्रम सुरू झाला. ऐकणारे वकीलच, त्यांना दोन्ही बाजू ऐकण्याची सवय होतीच.

भांडण सर्वांत पेटले ते एका वाक्यावरून. रोमी मंडळीत पुष्कळ चुका शिरल्या आहेत हे हूकरला पूर्ण मान्य होते. तरी त्या मंडळीत जगलेल्या व मेलेल्या आमच्या हजारो पूर्वजांनी अज्ञानाने जे केले ते देवाने पदरात घेतले असेल, त्यांचे तारण झाले असेल, अशी आशा त्याने उपदेशात बोलून दाखविली. ट्रॅव्हर्सला हे सहन झाले नाही. श्रद्धेने तारण या सत्याचा पायाच यात उखडला जातो, असे त्याचे म्हणणे. हूकरचा आशय असा होता की, पाया ख्रिस्त आहे, आणि त्याला धरून असलेला मनुष्य त्या पायावर गवत व पेंढा रचीत असला तरी तो पायावरून पडलेला नाही. चूक ती चूकच, पण प्रत्येक चूक म्हणजे ख्रिस्ताचा नकार नव्हे. ज्यांचे आजेपणजे दुसऱ्या धर्मात गेले त्या आमच्या वाचकांस हा प्रश्न किती जवळचा आहे, हे आम्ही निराळे सांगण्याची गरज नाही; मात्र हूकर ख्रिस्ती पूर्वजांविषयी बोलत होता, आणि त्याचे शब्द त्यापुढे ताणू नयेत.

१५८६ साली आर्चबिशप व्हिटगिफ्टने ट्रॅव्हर्सचा उपदेश बंद केला. हा विजय आम्हांस फारसा भूषणावह वाटत नाही, कारण तो युक्तिवादाचा नव्हता, हुकुमाचा होता. हूकरलाही या झगड्याचा वीट आला असावा. पुढे त्याने मंडळीच्या व्यवस्थेविषयी मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे पहिले चार भाग १५९३ साली आणि पाचवा १५९७ साली निघाला.

त्या काळचे तंटे कशाकशावरून चालले होते पाहा: पाळकाने पांढरा झगा घालावा की नाही, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करावी की नाही, लग्नात अंगठी द्यावी की नाही, प्रभुभोजन गुडघे टेकून घ्यावे की बसून. प्युरिटन पक्षाचे म्हणणे असे की, शास्त्रात ज्याची आज्ञा नाही ते मंडळीत नको. हूकरने उत्तर दिले की, तारणास जे अवश्य ते सर्व शास्त्रात आहे. परंतु उपासनेची वेळ, वस्त्र, आसन, क्रम यांचा प्रत्येक बारकावा शास्त्रात शोधू लागल्यास शास्त्राचा अपमान होतो, कारण ते त्यासाठी दिलेलेच नाही. अशा गोष्टींत मंडळीने देवाने दिलेली बुद्धी आणि पूर्वजांचा अनुभव यांचा उपयोग करावा. मंडळीने एकदा ठरविल्यावर एकट्या माणसाने लहरीखातर ते मोडू नये. परंतु जी रीत माणसांनी ठरविली ती माणसांस बदलताही येते. आमच्याकडे वधूच्या गळ्यात मंगळसूत्र असावे की बोटात अंगठी, यावरून ज्यांनी वाद ऐकले असतील त्यांना हा सोळाव्या शतकातला तंटा मुळीच परका वाटणार नाही.

म्हणून मतभेद समोर आला म्हणजे जुना अँग्लिकन मनुष्य आधी त्याचे वजन करतो. हा पायाचा आहे, की भिंतीचा आहे, की रंगाचा? भांडणात बहुधा होते असे की, रंगाच्या गोष्टीला पायाचे नाव देण्यात येते. आणि दुसऱ्या टोकाला, भांडण नको म्हणून, पायाच्या गोष्टीलाही रंगाचे नाव देण्यात येते.

हे वजन करणे किती कठीण आहे याचे उदाहरण आमच्याच पंडिता रमाबाईंच्या चरित्रात आहे. रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या, वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा व त्यांची कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन ही त्यांची धर्ममाता. या दोघींचा पुढील काळातील पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. इंग्रजी वाचणाऱ्या उपदेशकांनी तो जरूर वाचावा. दोन प्रामाणिक स्त्रिया, एकमेकींवर जीव असलेल्या, आणि तरी एकमेकींचे बोलणे वारंवार न समजणाऱ्या, अशा त्या पत्रांत दिसतात.

एका पत्रात प्रश्न निघाला तो गळ्यात घालावयाच्या क्रूसाचा. त्यावरील शब्द लॅटिन भाषेत होते. रमाबाईंनी विचारले की, हे लॅटिनच का? आमच्या संस्कृतात काय उणे आहे? आमचे लोक लॅटिन जाणत नाहीत. धर्ममातेस यात गर्व दिसला. आता गंमत अशी की, इंग्लंडच्या मंडळीचे जे एकोणचाळीस नियम, त्यांतील चोविसावा सांगतो की लोकांस न समजणाऱ्या भाषेत मंडळीची प्रार्थना चालविणे शास्त्राविरुद्ध आहे, आणि चौतिसावा सांगतो की रीतिभाती सर्व ठिकाणी एकसारख्या असण्याची गरज नाही, देश, काल व लोकांच्या चालीप्रमाणे त्या बदलता येतात. क्रूसावरचे शब्द म्हणजे मंडळीची प्रार्थना नव्हे, हे खरे. तरी त्या नियमांचा ओघ पाहता गुरूच्याच पुस्तकाप्रमाणे येथे शिष्येचे म्हणणे बरोबर होते. ज्या मंडळीने लॅटिन सोडून इंग्रजीत प्रार्थना आणली, तिच्याच कन्येने मराठी ब्राह्मण स्त्रीपुढे लॅटिनचा कैवार घ्यावा, हे आम्हांस नवलाचे वाटते.

परंतु त्याच पत्रव्यवहारात दुसरीही गोष्ट आहे. त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्या काळी रमाबाईंच्या मनात गंभीर शंका होत्या, आणि त्या त्यांनी लपविल्या नाहीत. आपण पुरोहितांच्या एका जोखडातून नुकत्याच सुटलो असता दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा बाणा होता. येथे सिस्टर जेराल्डिनची कळवळ खोटी नव्हती. क्रूसावरची भाषा हा रंग. क्रूसावर कोण होता हा पाया. दुर्दैव हे की धर्ममातेने दोन्ही गोष्टी एकाच आज्ञाधारकपणाच्या तागडीत घातल्या, आणि त्यामुळे शिष्येलाही दोन्हींत एकच जुलूम दिसू लागला. क्रूसावर संस्कृत शब्द आनंदाने कोरून दिले असते, तर देवत्वाविषयीचे बोलणे रमाबाईंनी अधिक शांतपणे ऐकले असते, असे आम्हांस वाटते. पुढे प्रभूने त्यांना आपल्या मार्गाने निःशंक केले. पण त्या मनाने कोणत्याही एका पंथाच्या झाल्या नाहीत. पाश्चात्य देशांत गेल्यावर तेथील पंथांची गर्दी पाहून आपण कशा गोंधळून गेलो, हे त्यांनी १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत लिहून ठेविले आहे.

येथवर रंग आणि पाया. मधल्या भिंतीची गोष्ट सर्वांत अवघड, आणि अँग्लिकन माणसाचे पाऊल तेथेच अडखळते. १८८८ साली लँबेथ येथे जमलेल्या बिशपांनी ऐक्यासाठी चार गोष्टी अवश्य ठरविल्या: पवित्र शास्त्र, प्रेषितांचा व निकीया येथील असे दोन मतांगीकार, ख्रिस्ताने नेमलेले बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन विधी, आणि प्राचीन काळापासून चालत आलेले बिशपपद, ज्याची व्यवस्था त्या त्या देशास अनुरूप करता येईल. पहिल्या तिहींविषयी प्रेसबिटेरियन किंवा मेथॉडिस्ट बंधूंस फारशी अडचण नाही. बाप्टिस्ट बंधूंचा प्रश्न तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्यापुरता. चौथ्या गोष्टीवर मात्र गाडी अडते.

बिशपाचा एवढा आग्रह का, असे आमचे नगरकडील वाचक विचारतील, कारण त्यांच्या वाडवडिलांस अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल पाळकांनी शुभवर्तमान सांगितले आणि त्यात बिशप कोठेच नव्हता. जुन्या अँग्लिकनाचे उत्तर असे. पाळक हा मंडळीने मते देऊन निवडलेला नोकर नव्हे, आणि आपल्याच मनाने उठलेला वक्ताही नव्हे. त्याला कोणी तरी पाठविलेला असला पाहिजे. ज्याने पाठविले त्यालाही कोणी तरी पाठविलेले असले पाहिजे. आणि ही साखळी मागे प्रेषितांपर्यंत जाते. डोक्यावर हात ठेवणारा बिशप हा त्या साखळीतील दृश्य दुवा. या म्हणण्यात सत्य आहे असे आम्ही मानतो. स्वतःच स्वतःस पास्टर म्हणवून गावात तंबू ठोकणारे, आणि वर्षाने वर्गणीसह नाहीसे होणारे, ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे सत्य पटण्यास ग्रंथांची जरूर नाही.

परंतु याच सत्याचा धोंडा कसा होतो ते किकुयू येथे दिसले. पूर्व आफ्रिकेतील या ठिकाणी १९१३ सालच्या जूनमध्ये निरनिराळ्या मिशनांचे लोक स्कॉटिश मिशनच्या आवारात एकत्र जमले. आफ्रिकेतील नव्या ख्रिस्ती लोकांस आमचे युरोपातील तंटे का शिकवावे, हा त्यांचा विचार. सभेच्या अखेरीस मोंबासाचे अँग्लिकन बिशप पील यांनी त्या स्कॉटिश प्रार्थनामंदिरात प्रार्थनापुस्तकाप्रमाणे प्रभुभोजनाचा विधी चालविला, आणि प्रेसबिटेरियन, मेथॉडिस्ट वगैरे बंधूंनीही त्यात भाग घेतला. झांझिबारचे बिशप फ्रँक वेस्टन यांस हे कळताच त्यांनी मोंबासा व युगांडा या दोन्ही बिशपांवर पाखंडाचा आरोप करून आर्चबिशप डेव्हिडसन यांच्याकडे दाद मागितली. १९१५ साली सावधपणाने भरलेला निर्णय बाहेर पडला. त्याचे सार लोक विनोदाने असे सांगत की, किकुयूस जे झाले ते देवास फार आवडले, पण ते पुन्हा कधीही होता कामा नये!

वेस्टन यांना नुसते हट्टी म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. १९२० साली लँबेथच्या परिषदेने सर्व ख्रिस्ती लोकांस ऐक्याचे जे आवाहन केले, त्याच्या घडणीत याच वेस्टन यांचा मोठा हात होता. जो कोणी ख्रिस्तावर विश्वास ठेवितो व त्रैक्य देवाच्या नावाने बाप्तिस्मा पावला आहे तो सार्वत्रिक मंडळीचा सभासद होय, असे त्या आवाहनात मान्य केले आहे. इतकेच नव्हे, ऐक्यासाठी जरूर पडल्यास अँग्लिकन बिशप इतर मंडळ्यांच्या हातून अधिकारपत्र घेण्यास तयार आहेत, असेही त्यांनी म्हटले. आणि दुसऱ्याने आपली दीक्षा नाकारली म्हणजे काय वाटते हेही अँग्लिकनास ठाऊक होते. १८९६ साली पोप तेराव्या लिओने अँग्लिकन दीक्षा सर्वस्वी निरर्थक ठरविल्या होत्या. जे दार रोमने अँग्लिकनाच्या तोंडावर लावले तेच त्याने प्रेसबिटेरियनाच्या तोंडावर लावावयाचे काय, हा प्रश्न मग कोणाच्याही मनात येणारच.

हिंदुस्थानात हा प्रश्न निकराला आला, कारण येथे मंडळी कोणती हे माणसाच्या मतावरून ठरत नसून बहुधा त्याच्या गावावरून ठरत असे. मिशनांनी प्रांत व तालुके वाटून घेतले होते. या तालुक्यातला मनुष्य लूथरन, त्या तालुक्यातला मेथॉडिस्ट. दोघांनीही लूथर किंवा वेस्ली यांचे नाव बाप्तिस्म्यापूर्वी ऐकलेले नसे. नगर जिल्ह्यात (आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात) तर १८३१ पासून अमेरिकन मिशन होते आणि १८७० नंतर एस्. पी. जी. हीही आली, तेव्हा एकाच भागात दोन वळणे पडली. मुलीचे माहेर एका मिशनचे व सासर दुसऱ्याचे असल्यास तिने कोणत्या मेजाजवळ जावे?

दोर्नकलचे बिशप वेदनायगम् सॅम्युएल अझारिया, अँग्लिकन मंडळीचे पहिले हिंदी बिशप, यांनी हे दुःख खेड्यांत फिरून जाणले होते. १९१९ सालच्या मे महिन्यात तरंगंबाडी येथे तेहतीस सेवक जमले. त्यांतील दोघे सोडून सर्व हिंदी होते. हे भेद आम्ही निर्माण केलेले नाहीत, ते बाहेरून आमच्यावर लादले गेले, असे त्यांनी जाहीर केले. पुढे १९२७ साली लोझान येथे जगातील मंडळ्यांच्या परिषदेत अझारिया यांनी बजाविले की, ख्रिस्ती देशांत फूट ही दुर्बलता असेल, पण बिगरख्रिस्ती देशांत ती पाप आहे आणि अडखळण आहे. १ जानेवारी १९४५ रोजी ते प्रभूकडे गेले. दक्षिण हिंदुस्थानची मंडळी स्थापन झाली ती २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रास येथे. चार अँग्लिकन धर्मप्रांत, मेथॉडिस्ट, आणि प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल यांची संयुक्त मंडळी एक झाली. तोड अशी काढली होती की, पुढील सर्व दीक्षा बिशपांच्या हातून व्हाव्यात, पण आज जे पाळक आहेत त्यांस कोणीही पुन्हा दीक्षा देऊ नये. तीस वर्षे एकत्र वाढावे.

जुन्या अँग्लिकनांतील पुष्कळांस हे मानवले नाही. ज्याच्या डोक्यावर बिशपाचा हात नाही त्याने प्रभूच्या मेजावर उभे राहावे, आणि ते आम्ही बरोबर म्हणावे, हे त्यांच्याने होईना. इंग्लंडात लेखणीची लढाई झाली. तिची झळ मात्र लागली ती तेलुगू खेड्यांस. नंद्याळ भागातील एस्. पी. जी. ने वाढविलेल्या मंडळ्यांतील हजारो गरीब शेतकरी व मजूर ऐक्याबाहेर राहिले. भोवतालची अँग्लिकन मंडळी नव्या मंडळीत गेली, आणि हे लोक दूर कलकत्त्याच्या मेट्रोपोलिटनच्या देखरेखीखाली उरले. ते दक्षिण हिंदुस्थानच्या मंडळीत आले १९७० च्या दशकात. १९५५ सालीच कँटरबरी व यॉर्क येथील धर्मसभांनी ऐक्यानंतर झालेल्या दीक्षा खऱ्या मानल्या होत्या. म्हणजे इंग्लंडातील मोठमोठ्यांची समजूत पटली तरी नंद्याळच्या खेडुतांची वाट अजून पुरी झाली नव्हती. साखळीची काळजी वाहणे योग्य होते, असे आम्ही वर म्हटले, आणि ते आम्ही मागे घेत नाही. परंतु तिचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडले हे सांगितल्यावाचून ती गोष्ट पुरी होत नाही.

उत्तरेत दुसरी तोड निघाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या मिळून उत्तर हिंदुस्थानची मंडळी झाली. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल यांची संयुक्त मंडळी, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, असे हे सहा प्रवाह. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट अगदी शेवटच्या घटकेस थांबले. नागपुरास पाळकांनी परस्परांवर हात ठेवून प्रार्थना केली, की ज्याच्या ठायी जे उणे असेल ते देवाने द्यावे. कोणाचे काय उणे होते हे कोणी बोलून दाखविले नाही. टीकाकारांस यात लपंडाव दिसला. आम्हांस वाटते, देवापुढे आपली उणीव त्यालाच ठाऊक असे म्हणून गुडघे टेकणे, यात बिशपास व काँग्रिगेशनल पाळकास सारखेच नमावे लागले, आणि जुन्या अँग्लिकनाची साखळीही तुटली नाही. सर्व गाठी सुटल्या असे मात्र नाही. ब्रदरन मंडळीच्या गुजरातेतील मालमत्तेचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१३ साली तेथे असे ठरले की, केवळ ठराव केल्याने जुनी नोंदलेली संस्था व तिची मालमत्ता नव्या मंडळीत विलीन होत नाही. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ६, हा भागही या पाठाबरोबर वाचण्यास हरकत नाही.

बाप्तिस्म्याविषयी १९७० च्या ऐक्यात तान्ह्या मुलांचा व वयात आलेल्या विश्वासणाऱ्यांचा असे दोन्ही प्रकार मान्य झाले. ज्या आईबापांस मूल मोठे होईपर्यंत थांबावयाचे असेल त्यांनी थांबावे. मुलास प्रभूस अर्पण करून आशीर्वाद घ्यावा. पाणी थोडे की पुष्कळ, हा रंग. वय कोणते, ही भिंत; तीविषयी शास्त्र उघडून वर्षभर बोलता येईल. परंतु एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा देणे, ही गोष्ट पायाला हात घालते. कारण त्याचा अर्थ असा होतो की, पहिल्या वेळी पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने जे केले ते देवाने ऐकलेच नाही.

आता त्या आजीकडे परत वळू. उपदेशक बंधूंनी नातवाशी भांडू नये. त्याच्या ठायी जागा झालेला विश्वास खरा असू शकेल, आणि तो आपल्या मंडळीत जागा का झाला नाही हेही आपण विचारले पाहिजे. आजीने तान्हेपणी त्याच्या वतीने जे कबूल केले ते आज तो स्वतःच्या तोंडाने कबूल करू इच्छितो, तर त्यासाठी आपल्याकडे दृढीकरणाचा विधी आहेच. तो बिशपाच्या भेटीची वाट पाहत दप्तरात पडू देऊ नये. आणि पूर्वी बाप्तिस्मा खरोखर झाला की नाही याची शंका असेल, तर १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने घाईत झालेल्या बाप्तिस्म्याविषयी जे प्रश्न घालून दिले आहेत तेच विचारावे: कोणी दिला, तेथे कोण हजर होते, कशाने दिला, कोणत्या शब्दांनी दिला. मिशन कोणते, पंथ कोणता, हा प्रश्न त्यात नाही. पाणी होते आणि त्रैक्य देवाचे नाव होते, एवढे कळले म्हणजे पुरे. साक्षीदार वारले असतील, नोंदवही वाळवीने खाल्ली असेल, आणि काहीच निश्चित कळत नसेल, तर त्याच पुस्तकाने सांगितलेला बाप्तिस्मा द्यावा, ज्यात तुझा बाप्तिस्मा पूर्वी झाला नसेल तर, असे आधी म्हणून मग पाणी घालतात. तो देण्यापूर्वी पाळकसाहेबांस कळवावे, आणि जवळच्या दुसऱ्या मंडळीच्या पाळकाकडे जुनी वही असल्यास ती मागून पाहावी. नगरकडील पुष्कळ घराण्यांची नावे एका मिशनच्या वहीत न सापडता दुसऱ्याच्या वहीत सापडू शकतात.